म्हाळूची हळद

शिरूर कासारला उतरून अभिमन्यू मास्तरचं घर विचारलं, तर पानटपरीवाला उलटा तुम्हालाच सवाल करतो, "कोणता? बँडवाला का येडा?" माणूस एकच आहे. बँड पोटासाठी आणि येडेपणा आवडीसाठी. नवतारा बँडचा तो मास्तर. चौदा माणसांची चूल त्याच्यावर पेटते आणि लग्नसराईत त्याच्या कॅसिओशिवाय शिरूरपासून आष्टीपर्यंत नवरदेव घोड्यावर बसत नाही. उरलेल्या दिवसांत हा गडी करतो काय, तर म्हाताऱ्या बायकांची गाणी गोळा करत हिंडतो. जात्यावरची, पाळण्याची, न्हाणाची, उसाच्या फडातली, ज्या बाईला जे येईल ते. मोबाईलमध्ये भरून आणायचं, वहीत शब्द उतरवायचे आणि मेमरी कार्ड हिंगाच्या डबीत ठेवून द्यायचं. अशा सात डब्या झाल्यात. त्याची बायको उज्ज्वला म्हणते, आमच्या फोडणीला हिंग नसतो, डब्या मात्र भरलेल्या.

हे वेड लागलं कोपीवर. अभिमन्यूचा जन्मच साखर कारखान्याच्या माळावरचा, उसाच्या पाचटाच्या झोपडीतला, म्हणजे कोपीतला. आई ऊस तोडायची, बांधायची, डोक्यावर मोळी घेऊन फळीवरनं ट्रकात चढायची आणि एवढं करूनही गायची. हा मोठा झाला, बँडमध्ये खुळखुळा वाजवायला लागला, मग कॅसिओ शिकला. खिशात मोबाईल आला, तोही आवाज भरून घेणारा. त्यात त्यानं भरली काय, तर सिनेमाची गाणी! आईची भरू की उद्या, परवा, दिवाळीत, असं म्हणता म्हणता आई एका दुपारी छातीत कळ येऊन गेली. तिचं एक गाणंसुद्धा त्याच्याकडं नाही. ते त्याला अजून सहन होत नाही, आणि कशाला खोटं बोला, व्हायलाही नको.

पण गाणी गोळा करणं म्हणजे काय बोरं वेचणं आहे? आमच्या भागात तर त्यात एक भलतीच अडचण. दिवाळी झाली की बायका उसाला जातात, त्या उन्हाळ्यात परत येतात. त्या येतात तेव्हा लग्नं सुरू, म्हणजे मास्तरला श्वास घ्यायला फुरसत नाही. मास्तर मोकळा तेव्हा बायका कारखान्यावर, बायका गावात तेव्हा मास्तर मांडवात. मधे आषाढ-श्रावणाचे काय दोन महिने गावतात तेवढेच. त्यातही कुणाची खुरपणी निघते, कुणाचा दात पडतो, कुणी म्हणतं, आता न्हाई बाबा सूर लागत.

विमलबाईचा लागत होता. उंबरवाडीची ही विमलबाई अभिमन्यूच्या आईची मैत्रीण, दोघी एकाच टोळीत वीस वर्षं ऊस तोडायला होत्या. साठी उलटलेली, गुडघे गेलेले, पण आवाज असा की बाई बोलायला लागली तरी माणूस हातातलं काम ठेवून ऐकेल. हळदीची गाणी म्हणावीत तर तिनं. नवरा जाऊन बारा वर्षं झाली, तेव्हापासून हळद दळताना ती जात्यापासून लांब भिंतीला टेकून बसायची. दळायच्या पाच सवाष्णी, आणि गायची ही. जात्याला हात लावायचा तिला अधिकार नव्हता, गळ्याला मात्र कुणी मनाई केली नव्हती. लोकांचं कसं सोयीचं असतं बघा.

तिला एकच लेक, म्हाळू. बत्तीस वर्षांचा, सरळ, कामाला वाघ, बोलायला कंजूष. त्याचं लग्न जमत नव्हतं. हल्ली ऊसतोड्याला पोरगी द्यायला ऊसतोड्यासुद्धा तयार नाही. आणि लग्न नाही म्हणजे नुसता संसार नाही असं नव्हे. टोळीत माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात, आणि एक कोयता म्हणजे एक जोडी. गडी तोडतो, बाई मोळ्या बांधते, वाहते. सुटा गडी मुकादम घेत नाही. म्हणून म्हाळूच्या जोडीला त्याची आईच जायची. सून आली की विमलबाईचा कोयता सुटणार होता. इतकं साधं गणित, ते सुटत नव्हतं.

दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणात अभिमन्यूनं तिला शिरूरला आणली. त्याचा दोस्त बसवेश, पूर्वी त्याच्या वडलांचं कॅसेटचं दुकान होतं, आता याचं मोबाईलचं आहे. दुकानामागच्या खोलीत त्यानं माईक बसवलेला, भिंतींना गोधड्या लावलेल्या. जात्याशिवाय मला सूर घावत न्हाई, असं विमलबाईनं आधीच बजावलं होतं, म्हणून बसवेशनं आईचं जातं माळ्यावरनं काढून धुऊन ठेवलं. ओढायला शेजारची एक पोरगी बोलावली होती, तिनं ऐन वेळी दांडी मारली.

विमलबाई जात्याकडं बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "अभिमन्या, मी लावू का हात? हितं कुणाची हळद थोडीच हाय."

"लावा की मावशी. तुमाला कोण अडवणार हितं?"

तिनं पदर खोचला, एक पाय लांब केला, खुंटा धरला आणि हसली. "धा वर्सांनी जात्याचा खुंटा हातात घेतला बग. इसरले न्हाई हात."

बसवेशनं तोवर माईक चालू केला होता. ती गाणार, तोच थांबली. "नाव कुणाचं घ्यू?"

"कसलं नाव?" बसवेशनं विचारलं.

"नवरदेवाचं. नावाशिवाय हळद म्हणत न्हाईत. गाव, नाव, आयचं नाव, तवा कुठं ती हळद हुती."

"मावशी, घ्या कुणाचंबी," बसवेश म्हणाला.

कुणाचंबी म्हणजे कुणाचं? आता खरं सांगायचं तर अभिमन्यूला इथंच बोलायला हवं होतं. नवरदेव ठरलेला नसताना कुणाच्या नावानं हळद गात नाहीत, आणि एकदा गायलेली हळद त्याच माणसाला पुन्हा गात नाहीत, हे त्याला आईच्या दुधाबरोबर मिळालेलं ज्ञान. पाचपन्नास बायकांच्या तोंडून ते त्यानं वहीत लिहूनसुद्धा घेतलंय. पण जातं फिरलं, दगडाची घरघर सुरू झाली, आणि विमलबाईनं डोळे मिटून आवाज सोडला.

हळद दळू बाई, जात्याला वाहू पान,
उंबरवाडीचा म्हाळू, नवरा गोरापान.
हळदीनं बाई, पिवळी झाली पायरी,
विमलच्या दारी, उभी नवी सोयरी.

म्हाळू काळाकुळकुळीत. पण गाण्यात कोण काळा असतो? अभिमन्यूच्या अंगावर काटा आला. लेकाच्या खऱ्या हळदीला हिला कुणी जात्याला शिवू देणार नाही, म्हणून ही आज इथं गोधड्यांच्या खोलीत स्वतःच्या हातानं ती दळून घेतीय, हे त्याला कळत होतं. थांबवायला हवं हेही कळत होतं. त्याचा हात बसवेशच्या खांद्यापर्यंत गेला आणि परत आला. असा आवाज पुन्हा मिळाला नाही तर? आईच्या वेळी हातातनं गेलं ते आता कसं सोडू? तो गुमान ऐकत बसला. एकवीस ओव्या झाल्या. विमलबाईनं डोळे पुसले आणि म्हणाली, "बरं वाटलं बाबा."

मग बँडची पोरं बसवली, ढोलकी आली, क्लॅरिनेट आलं, मास्तरनं मागं कॅसिओ धरला. जात्याची घरघर तशीच ठेवली, बोलणं तेवढं कापलं. ती नावाची ओवी कापता आली असती. पण सगळ्यात गोड ती, ती कशी कापणार? बसवेशनं गाणं यूट्यूबवर टाकलं आणि दोघंही गणपतीच्या कामाला लागले.

पुढच्या उन्हाळ्यात गाणं सुटलं ते सुटलंच. बीडला, गेवराईला, आष्टीला, जिथं हळद तिथं म्हाळू. पोरी त्यावर नाचून व्हिडिओ करायला लागल्या. डीजेवाल्यांनी त्यात धबाधबा ठोके घातले. अकरा लाख लोकांनी ते बघितलं. विमलबाईला तर पहिल्यांदा मौज वाटली. फडातनं परत आली तर वेशीवरच्या मांडवात तिचाच आवाज! म्हाळूला टोळीतली पोरं म्हणायची, "काय बे नवरदेवा, आज कुण्या गावात लगीन?" तो नुसता हसायचा. किती दिवस हसणार, ते आपण तरी कसं सांगावं.

आणि यंदाच्या आषाढात म्हाळूचं जमलं. अभिमन्यूच्याच ओळखीतनं, चकलांब्याचं स्थळ. मुलगी दिपाली, बारावी झालेली, शिवणकाम करणारी. वडील भगवानराव, चार एकर कोरडवाहू, माणूस सभ्य. मुलीनं म्हाळूला बघितलं, दोन शब्द बोलली, हो म्हणाली. पोळा झाला की सुपारी फोडायची आणि उसाला जायच्या आधी काढीव मुहूर्तावर लग्न उरकायचं ठरलं. विमलबाईनं अभिमन्यूचा हात धरून सांगितलं, "यंदा मी जाणार न्हाई उसाला. म्हाळू आन सून जातील. मी हितं शेरडं राखीन आन तुला गाणी सांगीन. सगळी सांगीन, कुळवावरची बी सांगीन." अभिमन्यूनं हिंगाची नवी डबी आणली.

पोळ्याच्या आदल्या दिवशी भगवानरावांचा फोन. "मास्तर, तुमी चांगली माणसं म्हून आमी इस्वास ठिवला. पोराचं पयलं लगीन कावून लपवलं?"

"कुणाचं पयलं लगीन?"

"गाव उंबरवाडी, नाव म्हाळू, आई विमल. दारात सोयरी उभी हाय म्हंती. आमच्या घरची पोरंसोरं ते गाणं वर्सभर म्हंत्यात, आन आमालाच उमगलं न्हाई. पयलीला सोडली का ती मेली, तेवढं सांगा."

अभिमन्यूनं कपाळाला हात लावला. अहो, ते नुसतं गाणं आहे, रेकॉर्डिंग आहे, असं तो दहा वेळा म्हणाला. पलीकडचा माणूस ऐकत होता, पण त्याला पटत नव्हतं. हळदीचं गाणं नुसतंच कोण गातं? या मुलखात तरी कुणी गात नाही. शेवटी तो म्हणाला, "मी येतो. पुरावा घेऊन येतो."

पुरावा होता की! बसवेशच्या कॉम्प्युटरमध्ये न कापलेलं रेकॉर्डिंग जसंच्या तसं होतं. त्यात नाव कुणाचं घ्यू हा विमलबाईचा प्रश्न होता आणि घ्या कुणाचंबी हे बसवेशचं उत्तर होतं. आणखी काय पाहिजे? दोघांनी ते मोबाईलमध्ये घेतलं. बसवेशनं आधी आपल्या चॅनेलवरचं गाणं काढून टाकलं. मग शोधलं तर तेच गाणं दुसऱ्या साठ ठिकाणी. काही ठिकाणी तर गाणाऱ्या बाईचं नावही भलतंच. त्यानं हात टेकले. "हे आता आपल्या बापालाबी निघत न्हाई," म्हणाला, आणि दोघं मोटारसायकलवर चकलांब्याला निघाले. वाटेत अभिमन्यूला हुशारी आली होती. ऐकवलं की मिटलं, असं तो मागं बसलेल्या बसवेशला चारदा बोलला.

भगवानरावांनी बसायला घोंगडी टाकली. दिपालीनं चहा आणला आणि दाराच्या आतच उभी राहिली. भिंतीशी तिची आजी छबुबाई माळ ओढत बसली होती. अभिमन्यूनं मोबाईल मधोमध ठेवला, आवाज मोठा केला आणि बटण दाबलं.

आणि तेव्हा त्याला आठवलं, त्या प्रश्नाच्या आधी त्यात काय आहे ते. त्यानं मोबाईलकडं हात नेला, पण उशीर झाला होता.

"धा वर्सांनी जात्याचा खुंटा हातात घेतला बग. इसरले न्हाई हात."

मग नावाचा प्रश्न, बसवेशचं उत्तर, मग जातं, मग गाणं. भगवानरावांचा चेहरा मोकळा झाला. "असं व्हय! मंजी लगीन झाल्यालं न्हाई. पटलं मास्तर, तुमी खोटं बोलत न्हाई."

छबुबाईची माळ थांबली होती. "भगवान, पयलं वाक्य परत लावाया सांग."

कुणी लावलं नाही. तिला गरजही नव्हती. "पोराची आय इधवा हाय ना? तिनं सोता दळली. लेकाची हळद, पांढऱ्या कपाळानं. आन गायलीबी त्याच्याच नावानं. लगीन झालं असतं तर परवडलं असतं गं बाई, सोडचिठ्ठी तरी घेता येती. ह्याला काय घेशील?"

"आजी, ती खरी हळद नव्हती," बसवेश म्हणाला. "जात्यात जवारी हुती नुसती."

"नाव खरं हुतं का न्हाई?"

बसवेशनं अभिमन्यूकडं बघितलं. अभिमन्यूला उत्तरं सुचत होती, पण ती त्याची त्यालाच खरी वाटेनात. हेच त्याला त्या खोलीत कळलं होतं, शब्दन् शब्द हेच, आणि तो गप्प बसला होता. भगवानरावांनी त्यांना रस्त्यापर्यंत सोडलं. "मास्तर, मी असलं मानत न्हाई. पण उद्या म्हाळूला काटा जरी रुतला, तरी आमची आय पोरीला जन्मभर ऐकवंल, का मी सांगितलं हुतं. घरातल्या बायकांपुढं माझा इलाज न्हाई." दारात दिपाली अजून तशीच उभी होती. तिला कुणी विचारलंच नाही.

उंबरवाडीला पोचले तेव्हा विमलबाई बैलांच्या शिंगांना लावायचा हिंगूळ शेजारणीला मोजून देत होती. या दोघांचे चेहरे बघून तिनं वाटी खाली ठेवली. अभिमन्यूनं काही लपवलं नाही. म्हाळू खांबाला टेकून ऐकत होता. सगळं ऐकून झाल्यावर विमलबाईनं एवढंच विचारलं.

"जातं कुणी वढलं ते तर गाण्यात न्हाई. मी हात लावला ते त्यास्नी कुणी सांगितलं?"

अभिमन्यू म्हणाला, "मीच, मावशी. मीच ऐकवलं."

तिनं मान हलवली. चिडली असती, शिव्या दिल्या असत्या तर त्याला बरं झालं असतं. ती उठली, आत गेली, आणि बाहेर आली तेव्हा तिच्या हातात दोघांसाठी पाण्याचा तांब्या होता. पाणी पिऊन अभिमन्यू तिच्या पायाशी बसला. "मावशी, मला माफ करा. त्या दिवशी मला समजत हुतं. मी थांबवलं न्हाई."

"मलाबी समजत हुतं की," विमलबाई म्हणाली. "तुला एकट्याला कशाला बोलू."

म्हाळू बैल धुवायला ओढ्यावर गेला.

दिवाळी झाली. उंबरवाडीच्या पारापाशी ट्रॅक्टर लागला, त्यावर पेट्या, भांडी, सरपण, कोंबड्या, शेरडं आणि पोरं चढली. त्रिंबक मुकादम वही घेऊन उभा होता. अभिमन्यू पहाटेच शिरूरहून आला होता, आणि त्यानं मुकादमाला बाजूला घेऊन सांगून बघितलं. म्हाळूच्या जोडीला मी येतो, म्हातारीला ठेवा.

त्रिंबकनं त्याचे हात उलटेपालटे करून बघितले. चेष्टा करायचा त्याचा इरादा नसावा. "मास्तर, तुमी कोपीवर जल्मलेले, तुमाला काय सांगायचं? तिसऱ्या दिवशी ह्या हातातनं रगत येईल. तुमी पडला की म्हाळूचा कोयता बंद. आन तुळशीचं लगीन झालं की तुमच्या चौदा माणसांनी काय खायाचं?"

अभिमन्यूनं हात मागं घेतले. त्रिंबकनं वहीत बघून हाळी दिली, "म्हाळू आन त्याची आय, एक कोयता!"

विमलबाईला ट्रॉलीत चढता येईना. गुडघा वर उचलत नव्हता. म्हाळूनं वरनं हात दिला, अभिमन्यूनं खालनं आधार दिला, तेव्हा कुठं ती चढली आणि धान्याच्या पोत्याला टेकून बसली. अभिमन्यू कठड्याला धरून उभा राहिला. "मावशी, कुळवावरची गाणी ऱ्हायली."

"आता न्हाई येत मला काय," ती म्हणाली. रागानं नाही, खरंच येत नसल्यासारखं. "जाय तू घरी. ऊन हुईल."

ट्रॅक्टर निघाला. धूळ खाली बसली, लोक आपापल्या घरी गेले, आणि अभिमन्यू पारावरच बसून होता. उंबरवाडीत आता म्हातारे आणि कुत्री तेवढी उरली. त्याला रडायचं होतं, तेवढ्यात खिशातला फोन वाजला. आष्टीची पार्टी होती, यंदाच्या पहिल्या तिथीची सुपारी. तारीख ठरली, घोडा ठरला, वेळ ठरली.

"आन मास्तर, हळदीला ते म्हाळूचं गाणं पायजेच बरं का. पोरीचा लई हट्ट हाय."

"दुसरं वाजवू की. चांगली गाणी हायेत माझ्याकडं."

"न्हाई न्हाई, तेच. ते न्हाई तर दुसरा बँड बघावा लागंल आमाला."

अभिमन्यूला आपली चौदा माणसं दिसली. तो रस्त्याकडं बघत होता. ट्रॅक्टर लांबच्या चढावर अजून ठिपक्याएवढा दिसत होता, पण ट्रॉलीत कोण कुठं बसलंय ते ओळखू येत नव्हतं.

"वाजवू," तो म्हणाला, आणि फोन ठेवला.